न उतरणारी हळद

१ मार्च
कुरुंद्याला सुखरूप पोहोचलो. किसनरावांच्या हळद पॉलिशच्या कारखान्यात वजनकाट्यावर काम मिळालं. पत्र्याची पण स्वच्छ खोली आहे. खिडकीतून वाळत घातलेली हळकुंडं दिसतात. हिपॅटायटिस सीच्या गोळ्या ट्रंकेत, कपड्यांखाली ठेवल्या. इथं कुणाला सांगायचं नाही. मागच्या कामावर माझा पेला वेगळा काढला होता. हिंगोलीच्या डॉक्टरांनी बजावलं आहे की हे औषध क्वचित लिव्हरवर उलटतं. डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली, तर त्याच दिवशी यायचं.

दुपारी तंबाखू मळताना हळकुंडं निवडणाऱ्या पारुबाईंच्या हळदीनं माखलेल्या हाताला चुना लागला आणि हात लालभडक झाला. त्या म्हणाल्या, "बघ लेकरा, फुकटचं कुंकू." सगळे हसले. मीही.

८ मार्च
पॉलिशचा ड्रम फिरला की हळदीची धूळ उडते. माणसं, भाकरी, उशी, सगळं पिवळं. आरसा पुसून डोळे पाहतो. हळद डोळ्यांतही जाते का, असं किसनरावांना विचारलं. ते म्हणाले, "इथं कुत्रं बी पिवळंच हाय. घाबरून काहून राहिला?"

१६ मार्च
जेवण जात नाही. अंगाला खाज. लघवी कोऱ्या चहासारखी. ऊन फार आहे, पाणी कमी पडत असेल. हिंगोलीला जाणार होतो, पण पारुबाई कावीळ उतरवतात. त्यांनी चुन्याच्या निवळीत माझे हात धुतले, काहीतरी पुटपुटल्या. पाणी तांबडं झालं. म्हणाल्या, निघाली सगळी. जाणं रद्द केलं. गोळी घेतली.

१९ मार्च
पाडवा. कारखाना बंद. सगळे तेल-साबण लावून न्हाले. किसनरावांचे हात उजळ निघाले, पारुबाईंचे सावळे. माझे तसेच पिवळे. पोटही तसंच. पोटावर तर सदरा असतो—

२० मार्च
सारखी झोप येते. अक्षर ओळीवर राहत नाही.
पाणी तांबडं झालं ते हळदीनं. वरची हळद धुतली गेली. खालचं—

पारुबाईंची चुन्याची डबी आणली. हळद असेल तर लाल होईल.
तळहाताला लावला. मग पोटाला.
चुना पांढराच.
पुसला. खाली पिवळं.

दारात कुणी आलं आहे. काट्याचे मालक. रोज बोलतो त्यांच्याशी. नाव— 
नाव येत नाही.
ते विचारताहेत काय झालं. तोंडातून शब्द— वही दाखवतो. गोळ्या ट्रंकेत आहेत, कपड्यांखा