मिरच्यांना ठसका नव्हता

प्रिय लवू,

फोनवर तुझं आपलं एकच, "ताय, बरी आहेस ना? झकास. ठेवतो." म्हणून लिहायला बसले. पत्र मधेच कट करता येत नाही. हात अजून थोडा थरथरतो, अक्षराला हसू नकोस. इकडे नाहूरला सगळं ठीक. डोक्याचे टाके निघाले, केसही उगवू लागलेत. दीप्ती मला पेज देते आणि मिठाच्या डब्याकडे बघूही देत नाही. सासूला सुनेचा सासुरवास! पण पोर गुणाची आहे.

त्या दिवशीचं तुला धड कुणी सांगितलं नसेल. सोसायटीच्या हॉलमध्ये आमच्या बायकांचं भजन होतं. मी गजर वरच्या पट्टीत नेला, टाळ्या पडल्या आणि डोक्यात कुणी नारळ आपटावा तसा ठोका पडला. एरवी डोकं दुखतं ते हळूहळू चढतं रे. हे एका दमात पूर्ण आलं. अशी कळ बाळंतपणातही आली नव्हती. इतकी चांगली गायली म्हणजे दृष्टच, असं सगळ्यांनी ठरवलं. शेजारच्या सपनाने घरी आणून मीठ-मिरच्या उतरवल्या, गॅसवर टाकल्या. मिरच्या जळून काळ्या झाल्या, पण ठसका म्हणून कुणाला लागला नाही. म्हणजे दृष्ट जबर, यावर एकमत झालं. मीही मान डोलावली असती, पण मान वळतच नव्हती. मग उलट्या सुरू झाल्या. तेवढ्यात दीप्ती ऑफिसातून आली, माझ्याकडे बघितलं आणि कुणाचं काही न ऐकता मला हॉस्पिटलात नेलं.

मेंदूतली रक्तवाहिनी एका जागी फुगली होती, ती फुटली. डॉक्टर म्हणाले, असं अचानक, जन्मात कधी दुखलं नाही इतकं डोकं दुखलं, मान आखडली, उलटी झाली, शुद्ध गेली किंवा बोलणं अडखळलं, तर गोळी घेऊन वाट बघायची नाही. सरळ हॉस्पिटल. आणखी थोडा वेळ दृष्ट काढत बसलो असतो तर आज माझ्या फोटोला हार असता.

तेव्हा मला नाना आठवले. भात झोडताना डोकं धरून खाली बसले, "डोक्या फुटता माजा" म्हणाले. आपण देवाला गाऱ्हाणं घातलं. दिवस मावळायच्या आत नाना गेले. दोष कुणाचाच नाही, गावात डॉक्टर तरी कुठे होता? पण मी वडिलांचं हे सांगितलं तेव्हा डॉक्टरांचा चेहरा बदलला. पहिला प्रश्न त्यांनी विचारला तो तुझ्याबद्दल, भाऊ-बहीण कोण आहे म्हणून.

एका घरात दोघांना असं झालं असेल तर भावंडांनी डोक्याचा एमआरआय करून घ्यावा, म्हणाले. मी हा विषय काढला की तू म्हणतोस, माझं डोकं रिकामं आहे, त्यात काय सापडणार! तुला भीती वाटते, ठाऊक आहे मला. मलाही वाटते. म्हणून तुला न विचारता शुक्रवार सकाळची वेळ घेतली आहे. मी आणि दीप्ती रिक्षा घेऊन मरोळला तुझ्या दारात येतो. भांडायचं असेल तर रिक्षात भांड, मला चालेल. आई गेली, नाना गेले. मला ताय म्हणणारा आता तू एकटाच उरलायस रे.

तुझीच,
ताय