विटेचा नमस्कार

४ जाने., बारामती
कॉलेजच्या लॅबमध्ये परत रुजू. हे गेल्यापासून मी आजच आले. ह्यांच्या ओतकामाच्या भट्टीचं आतलं विटांचं अस्तर फुटलं, लोखंडाचा रस ह्यांच्या अंगावर आला. विटा चुलत दीर विलासभाऊजींनी विकलेल्या. ते सगळीकडे सांगत फिरतात, दादांनी भट्टी घाईनं तापवली. मेलेला माणूस काय बोलणार.
फुटक्या अस्तरातली वीट मागून आणली.

७ जाने.
विटेची पूड करून शंकू केला. शेजारी प्रमाण शंकू, तो किती तापमानाला वाकतो ते ठरलेलं. दोन्ही लॅबच्या भट्टीत. टोक वाकून खाली टेकलं की आम्ही म्हणतो, नमस्कार केला. भाऊजींच्या विटेनं आधी केला, म्हणजे वीटच हलकी. हसू आलं मला. बरं वाटलं.

८ जाने.
लॅबच्या प्रमुख सरांनी रिपोर्ट अडवला. "ताई, ही वीट लोखंडाचा मळ प्यायलेली. लवकर वाकणारच. कोरी आणा." हेच मी मुलांना शिकवते. रागात सुचलंच नाही.
भाऊजींना फोन. म्हणे त्या मालातली एकही शिल्लक नाही. खोटं.

१२ जाने., अंथुर्णे
गोठ्याच्या पत्र्यावर वजनाला दोन विटा सापडल्या. ह्यांनीच आणलेल्या, उरलेल्या. छाप तोच. आग न पाहिलेल्या. सासूबाईंनी शिडी धरली. मी उतरल्यावर म्हणाल्या, "आन् वीट चांगली निघाली तर? माझ्या लेकाचीच चूक ठरंल की."
विटा पिशवीत घातल्या. एस्टीत तेच डोक्यात. तरी वाकावी. त्यांच्या डोळ्यांदेखत वाकावी.

१५ जाने., बारामती
कोऱ्या विटेचा शंकू प्रमाण शंकूशेजारी भट्टीत ठेवला, भाऊजींना लॅबमध्ये बोलावलं. येणार नाहीत वाटलं होतं. आले, इस्त्रीच्या शर्टात, गॉगल लावून. भट्टीत बघायची काळी काच पुढे केली तर म्हणाले, गॉगल हाय की माझा. सरांनी तो काढायला लावला.
नमस्काराचं सांगितलं. त्यावर म्हणाले, "मी तुमच्या पाया पडलो असतो वहिनी, त्यासाठी भट्टी कशाला?"
"तुम्ही नको. विटेला पडू दे."
सर तापमान चढवत होते. भट्टीच्या बघायच्या भोकापाशी भाऊजींनाच बसवलं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत उभी. घाम गळ्यापर्यंत आला, पुसला नाही.
"काय दिसतंय?"
"दोनी उभं हायेत अजून."
"बघत राहा," म्हटलं.