साखरेच्या पेट्या

व्हियाना, १४ नोव्हेंबर १६१९

लाडक्या गियोमार,

अक्काचा आशीर्वाद. तुझं ब्राझीलमधल्या ओलिंद्याहून आलेलं पत्र परवा लिस्बनहून आलेल्या खेचरवाल्याने आणून दिलं. तुझा ताप उतरला, हे ऐकून आईने चर्चमध्ये मेणबत्ती लावली. तिचे गुडघे धरलेत, तोंड मात्र अजून तसंच चालतं. कौलं परतून घेतली. सार्डिन यंदा स्वस्त आहेत.

बाल्ताझार पोचला की त्याला खोकल्याचा काढा करून दे, असं लिहिलंस. वाचलं.

जहाज उभं करताना तुझा हा कप्तान नवरा कसा दारोदार फिरला होता, आठवतं? आठांतले पाच वाटे बड्या व्यापाऱ्यांनी उचलले. उरलेल्या तीन वाट्यांसाठी त्याने अख्खी गल्ली गोळा केली. दोरवाल्याने पैशांऐवजी दोर दिले, मासळीवाल्या आपोलोनियाने कानातली मोडली. मी चिडवलं, "आता आमची मांजरच तेवढी भागीदार व्हायची राहिली!" तर म्हणतो, "तिलाही विचारतो, अक्का."

गियोमार, खाली बस. आई म्हणते, परक्याच्या तोंडून कळण्यापेक्षा तूच लिही.

ऑक्टोबरच्या शेवटी नैर्ऋत्येचं वादळ उठलं. बाल्ताझारचं जहाज तिकडची साखर घेऊन आपल्या नदीच्या तोंडाशी येऊन पोचलं होतं, पण आत घेता येईना. आम्ही सगळे किनाऱ्यावर उभे. ते एका अंगावर कललं आणि मग दिसेनासं झालं.

सिमाओ नावाचा एकच खलाशी फळीला धरून वाचला. तो सांगतो, तळात पाणी शिरलं होतं. वाळूच्या पट्ट्यावरून पार व्हायचं तर जहाज हलकं करणं भाग होतं. तोफ टाकली, पाण्याची पिंपं टाकली. "साखरेच्या पेट्या टाका म्हणून आम्ही कप्तानाच्या पाया पडलो. तर म्हणाले, ही आपोलोनियाची कानातली आहेत रे, ती समुद्रात टाकू?"

बाल्ताझार दुसऱ्या दिवशी सापडला. आपल्या बाबांशेजारी ठेवला त्याला. तू विणलेली बंडी अंगात होती, ती मी काढू दिली नाही.

मातीला सगळी गल्ली होती. आपोलोनिया रडली नाही, संतापली. "अरे गाढवा," खड्ड्याकडे बघून ओरडली, "माझी पेटी पहिली फेकायचीस! मी काय मेले असते?"

काल बडे भागीदार येऊन गेले. नवं जहाज बांधणार आहेत. म्हणे, तिथला माल बघायला तू राहावंस, बाल्ताझारचा वाटा तुझ्या नावाने धरतील. मी म्हटलं, "आधी तिला रडू तरी द्या." त्यावर एक जण हातमोजे चढवत म्हणाला, "पत्र आमच्याच मालासोबत जाणार आहे, बाई. उत्तरही लवकर येऊ दे."

तुला 'निघून ये' असं लिहिलं का, म्हणून आई रोज विचारते. नाही लिहिलं. यायचं तर त्याच पाण्यावरून यायचं, आणि त्या किनाऱ्यावर पुन्हा उभं राहायची माझी छाती नाही. राहा म्हणावं, तर तिथे तुझे डोळे पुसायला कोण आहे? मला ठरवता येत नाही. तू ठरव. काहीही ठरवलंस तरी मी तुला बोल लावणार नाही.

तुझ्या जवळ असायला हवी होती, ती
तुझी ब्रितेस अक्का