पायाची बाहेरची कड

माय, गुडघे आता फार कुरकुरतात, म्हणून खाटेवर बसूनच लिहिते आहे. तुला वाचता येत नव्हतं, आणि आता तर तू नाहीसच, तरी लिहिते. मला पाहायला अड्याळचे पाहुणे येणार होते, त्याच्या आधीचे आठ दिवस तू मला सारवलेल्या ओसरीवर ओल्या पायांनी चालवत होतीस. पाहायला आलेल्या बायका मुलीला तसंच चालायला लावायच्या. पावलाचा मधला भाग कोरा राहिला तर लक्ष्मी, पूर्ण उमटलं तर घर बुडवणारी. माझं पाऊल भाकरीसारखं सपाट. "बाहेरच्या कडेवर चाल वं," तू म्हणायचीस. "पूर्ण पंजा उमटला तं तुले कोणी करून नेणार नाही." चुकले की पाठीत धपाटा. मी शिकले, लग्न झालं. सासरी कोणाला कळू नये म्हणून पुढेही तशीच चालत राहिले. विहिरीवर, अंगणात, आणि जिथं पाऊल उमटतच नाही त्या भाताच्या रोवणीच्या चिखलातसुद्धा.

पहिल्या खेपेला, आणीबाणी उठली त्या वर्षीच्या पावसाळ्यात, सातव्या महिन्यात कमरेखालची हाडं उसवल्यागत झाली. कुशीवर वळायचं तर आधी रडू यायचं. सासू म्हणाली, "जगात तूच एकटी पोटुशी हायेस काय?" दवाखान्यातल्या नर्सबाईनं मात्र मला दारातून येतानाच हेरलं. "अशी काहून चालून राहिली? पाय पूर्ण टेकव न." पाय तिरपा पडला की गुडघा, मांडी, कंबर सगळंच तिरपं ओढलं जातं, आणि या दिवसांत सांधे आधीच ढिले असतात, असं तिनं समजावलं. सपाट तर सपाट, पण टेकव. कुशीवर वळताना गुडघे जोडून वळ. कमरेला धोतराचा पट्टा बांध. दुखणं पूर्ण गेलं नाही, पण झोप लागू लागली.

बाळंतपणाला आसगावला तुझ्याकडे आले ती राग घेऊनच. तू चुलीवर जवसाचं तेल कोमट केलंस, माझ्या कमरेला हात लावलास, आणि मी तो झटकला. "तुनंच माहे पाय वाकडे केले," मी म्हटलं. "बिनलग्नाची राहिली असती तं बरं झालं असतं." तू तेलाची वाटी खाली ठेवलीस. मग विचारलंस, "भात वाढू काय?" पुढे पोरगी सुखरूप झाली, आणि तो विषय आपल्यात पुन्हा निघाला नाही.

चार वर्षांनी तू गेलीस. तुला आंघोळ घालताना बायकांनी पाय माझ्याकडे दिले. दोन्ही तळव्यांच्या बाहेरच्या कडेला जाड, पिवळे, भेगाळलेले घट्टे. आतली बाजू मात्र मऊ. पाऊल तुझंही सपाटच होतं, माय. पाच बाळंतपणं तू तशीच चाललीस आणि बाबांनाही कळू दिलं नाहीस.

कोणीतरी म्हणालं, "माफी मागून घे मायले, काही बोललं-चाललं असन तं." मी हात जोडले, पण माफी मागितली नाही. उलट राग वाढला. काय दुखतं हे तुला ठाऊक होतं, तरी मला तेच शिकवलंस. आज मागावी म्हणून लिहायला बसले होते. पण माय, अजूनही मागवत नाही.