आजोचे गाऱ्हाणे

आचरा,
दसऱ्याचा दुसरा दिवस,
१३ ऑक्टोबर २०२४

चि. आरोहीस,

तुझ्या आजोचा आशीर्वाद. इकडे सगळे बरे आहे, तुझेही तसेच असो.

फोनवर मला नीट ऐकू येत नाही. शिवाय फोन तुझ्या आईचा. ती शेजारी उभी राहून मी काय बोलतो ते ऐकत असते. म्हणून कागद घेतला. शाळा चौथीपर्यंतच झाली, अक्षर सांभाळून घे.

भात कापायला आले आहे, पण पाऊस जायचे नाव घेत नाही. तुझ्या आईने तुझ्यासाठी सुकी सुंगटे, तुमच्या पुण्यात कोळंबी म्हणतात ती, बाजूला काढून ठेवली आहेत. माझी तब्येत ठीक. मागे विहिरीजवळ जरा बसलो होतो, ते काही विशेष नाही. तुझी आई सांगेल तर ती वाढवून सांगते.

काल सोने द्यायला वाडीत फिरलो. आपट्याचे पान हातात घेण्याआधी प्रत्येक जण तुझ्याबद्दल एकच विचारतो, "चेडू कधी येता?" खालच्या घरचे भाई तर आपल्या वाडीच्या मुंबईतल्या मंडळाने तुझ्यासाठी तयार केलेली खोली बघून आले. शाळेमागची ती खोली, तुला सांगितले होते. तिथे दांडा फिरवला की डोके वर होते अशी खाट आली आहे. भाई चपला घालूनच तिच्यावर निजले आणि म्हणाले, "गुणाजी, हयच मरान बरा वाटात." सगळे हसले. मीही हसलो. खोलीची चावी आपल्याकडे आहे. खुंटीला लावली आहे, येता-जाता दिसते.

सत्यवतीकडेही गेलो. बाजारात मासळी विकताना जिची हाक देवळापर्यंत जायची, ती खुब्याचे हाड मोडल्यापासून भिंतीकडे मान वळवून उताणी पडून असते. मुलगा मुंबईला. सून यशोदा सकाळी टोपली घेऊन जाते ती दुपारी येते. पाठीला जखम झाली आहे. मी पान पुढे केले तर म्हणते, "सोना नको, गुणाजी. तुझ्या नातीक घेवन ये. माझ्या पाठीक वारो लागाक नाय."

तू पुण्याहून फोनवर जे सांगितलेस ते तुझ्या आईने मला सांगितले. तिथले हॉस्पिटल तुला म्हाताऱ्या माणसांच्या शुश्रूषेचे पुढचे शिक्षण त्यांच्या खर्चाने देणार, मग तिथेच तू मुलींना शिकवणार. चांगले आहे. मी काही म्हणत नाही.

फक्त तू शिकायला गेलीस त्या वर्षीचा चतुर्थीतला तो दिवस माझ्या डोक्यातून जात नाही. मुंबईची मंडळी आली होती. तुझ्या नर्सिंगचा खर्च मंडळ करणार असे ठरले आणि मी आनंदाने नारळ घेऊन देवळात गेलो. आपल्या वाडीच्या वतीने देवाला गाऱ्हाणे मीच घालतो. बोलता बोलता तोंडातून गेले, "बा देवा म्हाराजा, माझा चेडू शिकान परत येतला आणि ह्या वाडीतल्या म्हाताऱ्या-कोताऱ्यांची सेवा करतला, तेका यश दी रे म्हाराजा!" आणि सगळे देऊळ भरून आवाज आला, "व्हय म्हाराजा!" तू तेव्हा घरी बॅग भरत होतीस. तुला कोणी विचारले नाही.

तू ठरव. मी काही म्हणत नाही. पण काय ते लवकर कळव. रस्त्यात माणसे विचारतात, त्यांना काय सांगू?

तुझा,
आजो


आचरा,
३ नोव्हेंबर

चि. आरोहीस आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. पोस्टमनने ते तुझ्या आईच्या हातात दिले, तिने वाचले, मग मला दिले. हॉस्पिटलला महिनाअखेरपर्यंत कळवायचे आहे हे समजले. "आजो, तुम्ही सांगाल तसे करीन" असे तू लिहिलेस. असे लिहायला नको होतेस, बाय. तेव्हापासून मला जेवण जात नाही.

मी तुझ्या आईकडून मंडळाच्या अजयला फोन लावून घेतला. मला वाटले तो रागावेल. तो मोठ्याने, सावकाश म्हणाला, "काका, आम्ही कसला कागद करून घेतलेला नाही. मुलगी शिकली, आमचे काम झाले. तिथे शिकून तिने आणखी चार मुली तयार केल्या तर आम्हाला आनंदच आहे. खोलीचे बघू काहीतरी." इतका चांगला बोलला की मला रडू आले.

सुटलो असे वाटून मी देवळाच्या बाबली मानकऱ्याकडे गेलो. त्याने ऐकून घेतले. सुपारी कातरत विचारले, "मंडळ मुंबयत. देव हय आसा. शब्द कोणाक दिलंस?"

"देवाक."

"मगे?"

एवढेच. मग चहा दिला, खारी दिली, अंगणाच्या पायरीपर्यंत सोडायला आला. शिव्या दिल्या असत्या तर मीही दोन दिल्या असत्या. वाडीत सगळेच असे गोड वागतात. भाईंनी काल पडवळ पाठवले. ते खाल्ले तर बांधला गेलो, नाही खाल्ले तर तुटलो. तुझ्या आईने भाजी केली आणि माझ्या पानात वाढताना म्हणाली, "बाबानू, गाऱ्हाणा तुम्ही घातलात. बांधला गेला ता माझा चेडू."

ये म्हटले तर तुझे नुकसान. नको म्हटले तर देवाशी खोटा. मला काहीच सांगता येत नाही. तू मला विचारू नकोस.

आजो


आचरा,
२४ नोव्हेंबर

चि. आरोही,

आशीर्वाद. हे पत्र जपून वाच. आईला सांगितलेस तरी चालेल.

सोमवारी वाडीतली माणसे देवळात जमली होती, जत्रेच्या कामाचे ठरवायला. मी नारळ घेऊन गेलो. म्हटले, मला गाऱ्हाणे घालायचे आहे. बाबलीने समईची वात सारली, सगळे उभे राहिले. मी म्हणालो, "बा देवा म्हाराजा, त्या दिवशी मी जा काय बोललंय ता माझ्या तोंडाचा. चेडवाक इचारूक नव्हता. शब्द माझो आसा, तो माझ्याकडसून घे, आणि चेडवाक मोकळा कर रे म्हाराजा!"

कोणी बोलले नाही.

तुला माहीत आहे, मागून साद आली नाही तर गाऱ्हाणे तसेच लटकत राहते. मी थांबलो. इतकी वर्षे गाऱ्हाणी घातली, असे कधी झाले नव्हते. भाई घसा खाकरले, मला वाटले आता म्हणतील, पण ते थुंकायला बाहेर गेले. शेवटी बाबली म्हणाला, "बघूया. देवाक सवडीन इचारूया, घाई कित्या?" आणि मंडपाच्या बांबूंचे बोलणे सुरू झाले. नारळ कोणी फोडला नाही. तो तसाच देवापुढे होता.

माणसे वाईट नाहीत, बाय. सगळी घाबरलेली आहेत. मुलगे मुंबईला, सुना कामाला, आणि अंथरुणावर पडलो तर आपल्याला कोण उलथे करणार, हे प्रत्येकाच्या पोटात आहे. साद दिली असती तर तुला त्यांनी स्वतःच्या हाताने सोडल्यासारखे झाले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सत्यवतीकडे गेलो. यशोदा टोपली भरत होती. तिला म्हटले, आरोहीने तुला फोनवर कसे वळवायचे सांगितले ते मला दाखव. ती हसली. पण दाखवले. गुडघा दुमडायचा, एक हात खांद्यावर, एक कमरेवर, आणि आपल्याकडे घ्यायचे. दुखऱ्या बाजूला घालायचे नाही. मी हात लावला तशी सत्यवती ओरडली, "मेल्या, हळू! मी काय होडी आसंय?"

"होडी आसतंस तर चार माणसांक साद घातली असती," मी म्हणालो.

"साद घालतलंस तू! काल घातलंस ती कोणी घेतल्यानी?"

म्हणजे अंथरुणावर पडून तिला सगळे कळले होते. तिच्या पाठीमागे यशोदाने उशी लावली. पाठ मोकळी झाली, खिडकीचा वारा जखमेवर आला. सत्यवतीने डोळे मिटले. मग म्हणाली, "काय बोललंस देवाक, ता माका सांग."

मी म्हणून दाखवले. समई नाही, नारळ नाही, नुसत्या मासळीच्या वासात. सगळे म्हणून झाल्यावर ती डोळे न उघडता म्हणाली, "व्हय म्हाराजा."

आणि लगेच, "उद्या पण ये हां. शब्द दिलंस मा?"

एका बाईच्या सादेने देवाचा शब्द सुटतो की नाही, मला ठाऊक नाही. बाबलीला विचारलेले नाही. विचारणारही नाही. मी रोज सकाळी सत्यवतीकडे जातो. आता भाईंनीही निरोप पाठवला आहे, "माझे पाय जरा चोळून दी." म्हणजे मी अडकलो. अडकूंदे. तोंड माझे होते. यशोदा म्हणते, खोलीतली खाट सत्यवतीच्या घरी आणूया. चावी तिला दिली. खुंटी रिकामी दिसते, बरे वाटते.

आता एक लिहायचे राहिले आहे. पहिल्या पत्रात लिहायचे होते, लिहिले नाही. विहिरीजवळ मी बसलो नव्हतो. पडलो होतो. तुझी आई बाजारातून येईपर्यंत तिथेच ओल्या दगडावर होतो. हाक मारायला लाज वाटली. तेव्हा मला वाडीतले कोणी आठवले नाही, तू आठवलीस. आणि गाऱ्हाण्यात मी म्हाताऱ्या-कोताऱ्यांची म्हणालो खरा, पण बाय, तेव्हाही माझ्या डोळ्यांपुढे एकच म्हातारा होता.

हे तुला कळले तर तू येशील म्हणून लिहीत नव्हतो. आणि कळले नाही तरी यावीस असेही वाटत होते. दोन्ही खरे आहे. आज लिहिले, कारण आता सांगतो ते तू ऐकशील अशी आशा आहे.

हॉस्पिटलला होय म्हणून कळव. महिना संपायला आला आहे, माझ्या उत्तराची वाट बघू नकोस, हेच माझे उत्तर. शीक, मुलींना शिकव. त्यातली एखादी इकडची असेल, तिला कोणाच्या गाऱ्हाण्याशिवाय इकडे यावेसे वाटले तर बरे. तू चतुर्थीला ये, पाहुणी म्हणून ये, सुंगटे खा, देवळात जा. कोणी "चेडू कायमचा रवाक इला?" म्हणून विचारले तर माझ्याकडे बोट दाखव.

पाठीची जखम भरायला काय लावायचे ते यशोदाच्या फोनवर सांग. सावकाश सांग, म्हणजे मलाही ऐकू येईल.

अजून आपल्या हाताने कूस बदलणारा,
तुझा आजो
गुणाजी