भिंतीसाठी प्लायवुड

मंगळवार, ९ नोव्हेंबर

चिमणे,

तुझं पत्र पोचलं. गुडघा दुखतो म्हणून रडतेस आणि जिने चढायचं काही सोडत नाहीस. तुला आशीर्वाद द्यायचे की दोन रट्टे, ते अजून ठरत नाही. मी आहे तशी आहे.

गेला आठवडाभर प्लायवुडची दुकानं पालथी घालते आहे. दिवाणखान्यात थोडं काम काढलंय. जन्म दवाखान्याच्या भांडारात गेला, म्हणून लेकाने ही कामगिरी मोठ्या मानाने माझ्यावर सोपवली. म्हणाला, आई, माल तुझ्याइतका कोणाला पारखता येत नाही.

सुताराने आधी त्याच्या ओळखीच्या दुकानात नेलं. काचेचं टेबल, गार हवा आणि मला 'मावशी मावशी' करणारा गुळगुळीत मालक. पाण्यातही फुगणार नाही, आजन्म गॅरंटी, म्हणाला.

"कोणाच्या जन्माची?" मी विचारलं. "माझ्या असेल तर स्वस्तात सुटशील."

मालक हसला. सुतार हसला नाही, त्याला आपलं कमिशन बुडताना दिसत होतं. शीट भिंतीला टेकवून उभ्या ठेवलेल्या, सगळ्या पोटात वाकलेल्या. शाळेत शिवणाच्या तासाला सिस्टर काय करायच्या, आठवतं? रुमालावरची फुलं बघायच्याच नाहीत, सरळ रुमाल उलटा करायच्या. मी शीटची कड बघितली. मधे पोकळ्या, वर पुट्टी थापलेली. तरी एक तुकडा मागून घेतला.

दुसऱ्या दुकानात तुकडा मागितला तर फुकट नमुने देत नाही, असं तोंडावर सांगितलं. असल्या पुरवठादाराला मी भांडाराचा उंबरठा ओलांडू दिला नसता.

तिसरी एका बाईची वखार. बाई माझ्याहून फटकळ. पण शीट जमिनीपासून उचलून, आडव्या, नीट रचलेल्या. मी सगळ्यात जाड प्लाय मागितला, तोही दुहेरी. ती म्हणाली, "किल्ला बांधताय का? एका भिंतीला निम्म्या जाडीत भागतं." कमी विकायला बघणाऱ्या दुकानदाराशी माझं जमतं. नमुन्याचा तुकडाही तिने न मागता दिला.

तर, भिंत. लिहून गेलेच आहे तर लिहिते. लेकाला चूल वेगळी हवी आहे. दिवाणखाना मधोमध कापायचा, पलीकडे त्यांचं स्वयंपाकघर, त्यांचं दार. भांडण नाही, तंटा नाही. सगळ्यांच्याच सोयीचं आहे म्हणे. मला कोणी विचारलं नाही, फक्त माल आणायला सांगितला. फास तूच वळ, तुझा हात चांगला आहे, अशातली गत. मग मीही ठरवलं, घालायची तर अशी भिंत घालायची की त्यांच्या भांड्यांचा आवाज मला नको आणि माझा त्यांना नको.

रविवारी दोन्ही तुकडे जुन्या पातेल्यात उकळत ठेवले. गोंद भिकार असला की पापुद्रे सुटतात, लबाडी लगेच कळते. तेवढ्यात सून आली, झाकण उचललं आणि विचारलं, "काय शिजतंय?"

"भिंत."

तिने पातेल्यात डोकावलं. काचेच्या टेबलवाल्याचा तुकडा वहीसारखा उलगडला होता. वखारीतला जसाच्या तसा. तिने झाकण पुन्हा ठेवलं, ओट्यावर नसलेलं काहीतरी पुसलं आणि खाली बघूनच म्हणाली, "आई, जाड नका घेऊ. रात्री तुम्हाला ढास लागते, ती ऐकू यायला हवी."

माझी जीभ कधी अडत नाही, हे तू जन्मापासून सोसते आहेस. ढास ऐकायची आहे तर मग भिंत कशाला, एवढंच विचारायचं होतं. नाही विचारलं. विचारलं असतं तर तिने उत्तर दिलं असतं, आणि ते ऐकून घ्यायला लागणारी ताकद आता कुठून आणू?

काल वखारीत जाऊन पातळ प्लाय सांगून आले. बाईने कारण विचारलं नाही. माल मात्र अस्सल आहे. माझ्यामागेही टिकेल.

महिनाअखेरीस सुतार कामाला लागेल. यायचं असेल तर त्याआधी ये. दिवाणखान्यात तुझी गादी आडवी घालता येईल, नंतर जमणार नाही.

तूर्त एकाच चुलीवरचं जेवणारी,
तुझी ताई