कंपनीपेक्षा चांगली गाडी

४ फेब्रुवारी
आजपासून गाडीच्या कामाला सुरुवात. कंपनी गाडी बनवते ती अडाण्यांसाठी. समोरच्या बिल्डिंगमधला बँकवाला सात वर्षं गाडी जशीच्या तशी चालवतोय. सीटवरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही. अशांमुळेच समाज मागे राहतो.

९ फेब्रुवारी
स्प्रिंग कापून गाडी चार इंच खाली बसवली. गॅरेजवाला म्हणाला, साहेब, पस्तावाल. या लोकांना नवं काही नकोच असतं. गाडी आता दबा धरून बसल्यासारखी दिसते. बाबांना आत बसायला जरा जड जातं. तेवढाच गुडघ्यांना व्यायाम.

१५ फेब्रुवारी
पुढे चार जादा दिवे. वायरिंग स्वतः केलं, व्हिडिओ बघून. फ्यूज सारखा उडत होता. त्याच्या जागी जाड तार घातली. विषय संपला. इंजिनिअर चार वर्षं नेमकं काय शिकतात?

१६ फेब्रुवारी
मेहुणा आला. विमा कंपनीत चिकटल्यापासून स्वतःला वकील समजतो. गाडीभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाला, भाऊजी, हे बदल कंपनीला कळवा. हप्ता थोडा वाढेल, पण पॉलिसीत नोंद होईल. नाहीतर उद्या काही झालं तर क्लेम अडकेल. मी विचारलं, काय होणार आहे? तो माझ्या बायकोकडे बघायला लागला. प्रश्नच बिनतोड होता.
बायको म्हणाली, अहो, एक मेल करायला काय जातं?
संकल्प: रविवारी मेल.

२२ फेब्रुवारी, रविवार
मेल राहिला. सायलेन्सर बदलला. खालच्या मजल्यावरची मास्तरीण आवाजावरून भांडून गेली. गाढवाला गुळाची चव काय!

११ मार्च, संध्याकाळी ५
बायको बाबांना दवाखान्यात नेत होती. सिग्नलला बॉनेटमधून धूर. ती उतरली, पण बाबांना त्या खोलगट सीटवरून उठताच येईना. शेवटी तिने आणि एका फळवाल्याने काखेत हात घालून त्यांना ओढून काढलं. पाठोपाठ पुढचा सगळा भाग पेटला. बाबांचं कोपर सोललं.
मी तिला म्हटलं, गाडी नीट चालवायला हवी होती. ती आतल्या खोलीत गेली. दार आपटलं तिने. उन्हामुळे असेल.
बाबाही भिंतीकडे तोंड करून झोपले. वय.

१४ मार्च
विमा कंपनीचा सर्व्हेअर आला. किरकोळ माणूस, खिशाला दोन पेनं. याला काय कळणार, म्हणून सगळं समजावून सांगितलं. कापलेल्या स्प्रिंग, दिवे, वायरिंग. फ्यूजच्या जागची तार शाबूत होती, तीही दाखवली. त्याने विचारलं, हे कुणी केलं? मी म्हटलं, मीच! त्याने शब्दन् शब्द लिहून घेतला, फोटो काढले, वर थँक्यू म्हणाला. पहिल्यांदाच कुणीतरी कदर केली.
क्लेम पास झाल्यात जमा आहे.

३ एप्रिल
क्लेम नामंजूर. पत्रात म्हटलंय, आग जादा दिव्यांच्या वायरिंगमधून लागली, फ्यूज काढलेला होता, बदलांची कंपनीला कल्पना नव्हती. पुढे लिहिलंय, ‘सदर बदल स्वतः केल्याचे विमाधारकाने अभिमानाने सांगितले.’ अभिमानाने! हा शब्द घालायची काय गरज होती?
मेहुण्याला फोन केला. म्हटलं, लढू. तो म्हणाला, नुसता सायलेन्सर बदलला असता तर भांडता आलं असतं. त्याचा आगीशी संबंध नाही. पण तुमच्या तारेनेच आग लागली, भाऊजी. मग म्हणाला, ताईला फोन द्या.
अर्धा तास बोलत होते. मला बघून ती गॅलरीत गेली.

१९ एप्रिल
बायकोने सेकंडहँड गाडी घेतली. स्वतःच्या नावावर. मला विचारलंही नाही. चावी पर्समध्ये.
आज पहिली फेरी. ती चालवत होती, बाबा पुढे, मी मागे. अर्ध्या वाटेत मी एवढंच म्हटलं की, पिकअप जरा कमी वाटतोय, एअर फिल्टर बदलला तर...
बाबा मान न वळवता म्हणाले, उतर.
मला वाटलं, गंमत करतायत. बायकोने इंडिकेटर दिला.
घरी चालत आलो.